भुसावळच्या गच्चीवरचा इलेक्ट्रिक स्मोकर: कोंडलेल्या धुराला वाट करून देताना

इलेक्ट्रिक स्मोकर, म्हणजे मंद आचेवर धुरात मांस शिजवणारं विजेचं कपाट, घेतलेल्या बऱ्याच जणांची पहिली कोंबडी कडू होते. कातडी चिवट, वर तपकिरी चिकट थर, आणि घास गिळून झाल्यावरही जिभेवर राहणारा कडवटपणा. मग कुणी मसाल्याला नावं ठेवतं, कुणी लाकडाला. बहुतेक वेळा खरी अडचण असते ती धूर आत कोंडण्याची. आमच्या स्मोकरला हवेची सोय करून देण्यात डिसेंबर ते जून गेले. भोकं पाडायला एक दुपार पुरली. बाकी वेळ गेला तो कंपनीशी पत्रव्यवहार, सोसायटीची परवानगी, इलेक्ट्रिशियन आणि पाईप मिळवण्यात. हे सगळं क्रमाने आणि खर्चासकट लिहितोय.

आधी यंत्र कसं आहे ते. आतून 75 सेंमी उंचीचं कपाट, चार जाळ्या, दुहेरी पत्रा आणि मध्ये ग्लासवूल. तळाला 1,200 वॉटचा हीटर आणि त्याच्या डोक्यावर लाकडाच्या चिपांचा लहानसा ट्रे. वर मागच्या कोपऱ्यात 25 मिमीचं व्हेंट, म्हणजे धूर बाहेर जायचं भोक, त्यालाही सरकती झडप. हवा आत यायला वेगळी जागा नाहीच. दाराच्या फटीतून आणि ट्रेच्या खाचेतून येईल तेवढीच. कोळशाच्या स्मोकरमध्ये ही अडचण येत नाही, कारण निखारा जिवंत ठेवायलाच हवा लागते आणि ती वाहत राहते. विजेच्या हीटरला हवेची गरज नसते. त्यामुळे बनवणारे वीज वाचवायला कपाट घट्ट बंद करून टाकतात. चिपा हीटर चालू असेल तेव्हाच तापतात. थर्मोस्टॅटने हीटर बंद केला की त्या ऑक्सिजनवाचून कुढत जळतात आणि दाट पांढरा धूर सोडतात. तो बाहेर पडायच्या आधी छताच्या आणि दाराच्या गार पत्र्यावर बसतो, त्याचं डांबरी पाणी होतं आणि ते खाली मांसावर ठिबकतं.

हे अंदाजाने बोलण्यापेक्षा तपासून घ्यावं, म्हणून डिसेंबरात रिकाम्या कपाटावर चाचण्या घेतल्या. सर्वात वरच्या जाळीवर स्टीलची ताटली ठेवली, चिपा घातल्या आणि स्मोकर 107 अंशांवर तीन तास चालवला. ताटलीत तपकिरी थेंब साचले होते. बोटाला लावून चाखलं तर काडेचिराइतासारखं कडू. दुसरी चाचणी अगरबत्तीची. दाराच्या खालच्या फटीशी पेटती अगरबत्ती धरली, तर तिचा धूर सरळ वर गेला, आत ओढला गेला नाही. म्हणजे कपाटाला ओढच नव्हती. (ही चाचणी मांस आत नसतानाच करावी, नाहीतर कोंबडीला चंदनाचा वास लागतो.) तिसरी चाचणी तापमानाची. दोन प्रोबचा (तापमान टिपणाऱ्या तारांचा) के-टाइप मीटर 1,450 रुपयांना आणला. आधी तो उकळत्या पाण्यात तपासला. आपल्याकडे समुद्रसपाटीपासूनची उंची फार नाही, त्यामुळे 99 च्या आसपास आकडा यायला हवा, तसा आला. वरच्या आणि खालच्या जाळीत 20 अंशांहून जास्त फरक निघाला. दारावरच्या डिजिटल आकड्यावर विसंबू नये ते यामुळेच: त्याचा सेन्सर मागच्या भिंतीला एकाच जागी असतो.

जानेवारीत कंपनीला ईमेल केली. त्यांनी बिल, मागच्या प्लेटवरचा सीरियल नंबर आणि रिकाम्या कपाटाचा व्हिडिओ मागवला. सगळं पाठवल्यावर तीन आठवडे शांतता. मग उत्तर आलं की थेंब साचणं सामान्य आहे, आणि पत्र्याला भोक पाडल्यास वॉरंटी संपेल. वॉरंटी वर्षाची होती. इथे ज्याने त्याने ठरवावं. माझं मत असं की हीटर आणि थर्मोस्टॅट हे दोनच भाग बिघडणारे, आणि दोन्ही बाजारात सुटे मिळतात. तरी भोक पाडण्याआधी हीटर आणि कंट्रोलर महिनाभर नीट चालवून घ्यावा. जन्मजात दोष असला तर तो याच काळात उघडा पडतो, आणि तेव्हा वॉरंटी हाताशी असते.

परवानगीला त्याहून जास्त वेळ लागला. आमच्या रो-हाउस सोसायटीत गच्च्या एकमेकींना लागून आहेत. फेब्रुवारीत सचिवांना लेखी अर्ज दिला. त्यात यंत्राचे वॉट, वीजबिलावर छापलेला मंजूर भार, शेजारच्या कठड्यापासूनचं अंतर, धुराड्याची उंची आणि चालवण्याच्या वेळा लिहिल्या. अर्ज मार्चच्या सभेत आला आणि मंजूर झाला, पण अटी घालून: रात्री नऊनंतर बंद, आणि आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) गच्चीवर अजिबात धूर नको. अट वाजवीच होती. मार्च-एप्रिलात प्रत्येक गच्चीवर बिबडे, पापड, कुरडया वाळत असतात; ओल्या बिबड्यावर डांबरी धूर बसला तर वर्षाचं वाळवण वाया जातं. तुमच्याकडे कुणी तोंडी हो म्हटलं तरी कागदावर घ्या. पुढे तक्रार आली की तो कागदच कामाला येतो.

ते दिवस वीज आणि सामानात घालवले. गच्चीवरचा प्लग 6 अँपियरचा होता. 1,200 वॉट म्हणजे 230 व्होल्टला सव्वापाच अँपियर. 6 च्या प्लगवर तासन्‌तास ओढला तर पिना तापतात. बोर्डापासून 2.5 चौमिमीची वेगळी तार, 16 अँपियरचा पॉइंट आणि 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घेतला, मजुरीसकट 3,200 रुपये. धातूचं कपाट, उघडी गच्ची आणि ओले हात असताना आरसीसीबी टाळू नये. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबून बघायचं.

व्होल्टेजचाही विचार करावा लागतो. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. संध्याकाळी आमच्याकडे 195 व्होल्ट येतात, तेव्हा 1,200 वॉटचा हीटर 860 वॉटच देतो. हवा वाढवली की उष्णताही बाहेर जाते: सेकंदाला चार लिटर हवा 40 वरून 110 अंशांवर न्यायला 300 वॉटहून जास्त लागतात. बंद कपाटाला 860 वॉट पुरतात, मोकळ्या कपाटाला कमी पडू शकतात. म्हणून स्मोकर सकाळी सात-आठला चालू करून दुपारपर्यंत आटपायचा, असं आधीच ठरवलं.

ओढ कशाने येते तेही थोडक्यात सांगतो, कारण पुढची मापं त्यावरच ठरली. गरम हवा हलकी, बाहेरची गार हवा जड. या फरकाने कपाटातली हवा वर चढते. 107 अंशांच्या एक मीटर उंच गरम हवेच्या स्तंभाला थंडीत, बाहेर 12 अंश असताना, साधारण 3 पास्कलची (पास्कल हे दाबाचं माप) ओढ मिळते. मे महिन्यात बाहेर 45 अंश असले की तीच 1.8 वर येते. खानदेशात उन्हाळ्यात स्मोकर जास्त कोंदटतो तो यामुळे. थंडीत ओढ बरी असते, पण पत्रा गार असल्याने थेंब जास्त पडतात. दोन्ही ऋतूंना एकच उपाय लागू पडतो: वरचं भोक मोठं, त्यावर उंच धुराडं, आणि खाली मापात उघडता येणारा हवेचा मार्ग. 25 मिमीच्या व्हेंटचं क्षेत्रफळ 5 चौसेंमीसुद्धा भरत नाही, तीन इंची पाईपचं 45 भरतं.

पाईप जळगावच्या एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडून घेतला: एसएस 304 (स्टेनलेस स्टीलचा एक ग्रेड), तीन इंची, दोन मीटर, 1,560 रुपये. रेलिंगचा पाईप स्वस्त मिळतो, पण तो बहुधा 202 असतो आणि धुरातल्या आम्लाने लवकर डागाळतो. चुंबक चिकटत नाही म्हणजे 304 असं समजू नका, 202 लाही ते चिकटत नाही. बिलावर ग्रेड लिहून घ्या. जीआय (जस्ताचा लेप दिलेला लोखंडी) पाईप टाळला, खाण्याच्या धुराच्या वाटेत जस्ताचा लेप कशाला? किचन चिमणीचा लवचिक ॲल्युमिनियम पाईपही नको, त्याच्या वळ्यांत डांबर साचतं आणि ते घासून निघत नाही. नकाशा दाखवला तेव्हा कारागीर म्हणाला, “भाऊ, धूरले जावाले वाट पाहिजे, मंग तो आपोआप जास.” ‌त्याने धुराड्याला एल्बोनंतर (काटकोनात वळलेल्या जोडानंतर) टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, लावायला सुचवलं आणि तीच युक्ती सर्वात उपयोगाची ठरली. धूर कपाटाच्या छतातून निघतो, एल्बोतून आडवा होतो आणि टीमधून वर जातो. टीचं खालचं तोंड टोपणाने बंद असतं. धुराड्यात जमलेलं डांबरी पाणी उलट खाली येतं ते या टोपणात पडतं, कपाटात शिरत नाही. सरळ उभा पाईप छतावर बसवला असता तर सगळं पुन्हा कोंबडीवर. एल्बोने ओढ थोडी कमी होते, म्हणून एकच वापरला आणि वरचा पाईप 60 सेंमी ठेवला. एल्बो आणि टीचे 950 रुपये झाले.

आखाजी झाल्यावर भोकं पाडली. 76 मिमीचा बायमेटल होल सॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) 580 रुपयांना मिळाला. आधी प्लग काढून मागचं झाकण उघडा आणि भिंतीत वायर कुठून जाते ते बघा. आमच्यात ती उजव्या मागच्या कोपऱ्यातून वर जात होती. छतावरचं जुनं 25 मिमीचं भोक मोठं करायचं तर होल सॉच्या मधल्या ड्रिलला धरायला पत्राच उरत नाही. त्यासाठी भोकावर प्लायवूडचा तुकडा क्लॅम्पने आवळायचा आणि त्यातून सॉ उतरवायचा. ड्रिल मशीन मंद वेगावर ठेवायची, थेंबथेंब कटिंग ऑइल सोडायचं आणि एकसारखा दाब द्यायचा. वेग वाढवला की स्टेनलेस जागेवरच कडक होतं आणि सॉचे दात जातात. आतून ग्लासवूल बाहेर येतं. तोंडाला मास्क, अंगात पूर्ण बाह्या, आणि लगेच भोकात पाईपची कॉलर बसवून दोन्ही बाजूंनी एसएस रिव्हेटने बंद करायची. उघडं ग्लासवूल खाण्याच्या कपाटात एक तासही ठेवू नये. फटींना 200 अंशांहून जास्त सोसणारं फूड-ग्रेड सिलिकॉन लावलं आणि बाटलीवर लिहिल्याप्रमाणे दिवसभर वाळू दिलं.

खालचं भोक वरच्याच्या तिरक्या समोर, म्हणजे पुढे डावीकडे, तळापासून हातभर नव्हे तर चार बोटं वर. त्यातून आत येणाऱ्या हवेच्या पाईपच्या तोंडावर पत्र्याची एल आकाराची ढाल रिव्हेट केली, म्हणजे येणारी हवा आधी हीटरवरून जाते. ढाल नसेल तर गार हवेचा झोत थेट थर्मोस्टॅटच्या सेन्सरवर जाऊ शकतो. मग त्याला कपाट गार वाटतं, हीटर चालूच राहतो आणि वरची जाळी करपते.

धूर तयार करायची जागाही बदलली. आतल्या ट्रेमध्ये चिपा घालणं बंद केलं. ट्रे रिकामा ठेवला, कारण हीटरची थेट आच तो पसरवतो. बाहेर कडीचा मोठा स्टीलचा डबा आणला, पिठासाठी वापरतात तसाच, 1,350 रुपयांना. त्यातून 70 सेंमीचा पाईप कपाटाच्या खालच्या भोकात जातो. पाईप डब्याकडे किंचित उतरता ठेवलाय, त्यामुळे वाटेत जमलेलं डांबर परत डब्यात येतं. डब्याच्या पुढच्या अंगाला तळाशी 20 मिमीची आठ भोकं पाडली, एकूण 25 चौसेंमी. त्यावर सरकती पट्टी आणि विंग नट (हाताने फिरवायचा पंखांचा नट) लावला. काही जण चुंबकाच्या पट्ट्या वापरतात, पण स्टेनलेसच्या डब्याला त्या चिकटतच नाहीत.

डब्यात एसएस जाळीचा नागमोडी ट्रे ठेवला आणि त्यात भुसा. एका टोकाला पेटवला की विस्तव हळूहळू पुढे सरकतो, तासाला साधारण 50-60 ग्रॅम भुसा जातो. हीटर चालू-बंद होण्याचा आता धुराशी काही संबंध उरत नाही. भुसा वखारीतून आंब्याचा किंवा पेरूचा घ्यावा, आणि त्याच करवतीवर प्लायवूड कापलं नव्हतं ना हे विचारून घ्यावं, कारण त्यात गोंद असतो. बाभूळही चालते, धूर जरा तिखट. भरिताची वांगी आपण कपाशीच्या काड्यांवर भाजतो, पण इथे त्या वापरू नका: वांग्याची साल सोलून टाकतो, मांस मात्र तो धूर तासन्‌तास अंगावर घेतं, आणि कपाशीवर फवारे किती होतात ते सगळ्यांना माहीत आहे. बॉयलरसाठी विकतात त्या पांढऱ्या कोळशाच्या कांड्याही नकोत, त्यात काय काय दाबलेलं असतं ते कळत नाही.

मे महिन्यातल्या चाचण्यांत अगरबत्तीचा धूर डब्याच्या भोकात सरळ ओढला गेला. वरच्या-खालच्या जाळीतला फरक दहा अंशांच्या आत आला. ताटली कोरडी राहिली, थेंब टीच्या टोपणात सापडले. रिकामं कपाट 110 अंशांवर जायला मात्र आधीपेक्षा पाऊण पट वेळ जास्त लागू लागला. हा हवेचा खर्च आहे आणि तो टाळता येत नाही.

चालवण्याची पद्धत अशी बसली. आधी अर्धा तास धुराशिवाय कपाट तापवायचं. थंड धुराडं ओढत नाही; घाईने भुसा पेटवला तर धूर डब्याच्या भोकांतून उलटा अंगावर येतो. मग ट्रेचं एक टोक गॅसच्या टॉर्चने पेटवून पाच मिनिटं जळू द्यायचं आणि ज्वाळा फुंकून विझवायची. वरची झडप आम्ही काढूनच टाकली. वरचं तोंड कायम पूर्ण उघडं, हवा कमी-जास्त करायची ती फक्त डब्याच्या पट्टीने. सुरुवात चार भोकांनी. धुराड्याच्या तोंडाशी जेमतेम दिसणारा निळसर धूर हवा. दाट पांढरा आला तर भुसा दमट आहे किंवा हवा कमी पडतेय, एक भोक वाढवायचं. भुशाने पेट घेतला तर दोन बंद करायची. पश्चिमेचा वारा सुटला की डब्यात सरळ घुसतो आणि भुसा भडकतो, म्हणून डब्याचं तोंड पूर्वेकडे आणि मागे विटांचा आडोसा. सगळी आठ भोकं उघडी ठेवायचा मोह टाळा. हीटर अखंड चालतो आणि मांस वरून सुकतं.

कोंबडीला लिटरमागे 50 ग्रॅम मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवतो, मग पुसून तासभर फ्रिजमध्ये उघडी ठेवतो. ओल्या पृष्ठभागावर धूर चिकटून बसतो आणि काळा पडतो. मांडीच्या जाड भागात 74 अंश आले की झाली. कातडी कुरकुरीत हवी असेल तर शेवटी दहा मिनिटं तापलेल्या ओव्हनमध्ये टाकावी लागते. 110 अंशांवर ती होत नाही, हवा कितीही खेळती ठेवा. मटणाच्या खांद्याचं तापमान 65-70 अंशांपाशी बराच वेळ अडतं. खेळत्या हवेत बाष्पीभवन वाढतं, त्यामुळे ते आधीपेक्षा जास्त वेळ अडतं. पाण्याची एक वाटी खालच्या जाळीवर ठेवली की मांस सुकत नाही. बाहेरचा डबा आला म्हणून हीटर बंद ठेवून थंड धुराचे प्रयोग मात्र उन्हाळ्यात करू नका. 42 अंशांच्या हवेत हतनूर धरणातला मासा धुराने टिकत नाही, सडतो.

एकूण खर्च असा: मीटर 1,450, वीज 3,200, पाईप 1,560, एल्बो-टी 950, डबा 1,350, होल सॉ 580, जाळी-रिव्हेट-सिलिकॉन-विंग नट 900, कटिंग आणि आर्गन वेल्डिंगची मजुरी 1,800, सगळे मिळून 11,790 रुपये. विजेचं काम आधीच झालेलं असेल तर साडेआठ हजारांच्या घरात.

जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर धुराड्यावर टोपी बसवली. टोपी आणि पाईपच्या तोंडात निदान व्यासाच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे 19 मिमी फट लागते, नाहीतर सगळी ओढ तिथेच गळाठते. आम्ही 40 मिमी ठेवली. भुसा पावसाळ्यात दमट होतो, तो आदल्या दिवशी 100 अंशांवर कपाटातच तासभर वाळवून हवाबंद बरणीत भरायचा. पाऊस आला म्हणून स्मोकर जिन्याच्या खोलीत ओढून चालवू नका, कुढत जळणाऱ्या भुशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो. तिन्ही बाजूंनी उघड्या पत्र्याच्या शेडखाली ठेवा आणि धुराडं शेडच्या बाहेर काढा. टीचं टोपण प्रत्येक वेळी रिकामं करायचं, पाईप महिन्याला उतरवून ब्रशने घासायचा. आत साठलेलं डांबर पेट घेऊ शकतं.

सोसायटीचं पत्र वर्षभरापुरतं आहे. नूतनीकरणाचा अर्ज मार्चच्या सभेआधी द्यायचाय, आणि या वेळी सचिवांनी धुराड्याची उंची टोपीसकट सेंटिमीटरमध्ये मागितली आहे.